एकट्याने, हलक्या सॅकने डोंगरात: नियोजनाचा क्रम आणि हिशेब

हलक्या सॅकचा विषय निघाला की चर्चा बहुधा वस्तूंपासून सुरू होते: कोणता तंबू किती ग्रॅमचा, स्लीपिंग बॅग घ्यावी की क्विल्ट, टायटॅनियमचे भांडे घेणे परवडेल का. एकट्याने डोंगरात जाणाऱ्यासाठी हा क्रम उलटा आहे. आधी वाट ठरते, वाटेवरून मुक्काम आणि तिथली थंडी ठरते, त्यांवरून वस्तू ठरतात, आणि वजन हे या सगळ्याच्या शेवटी येणारे उत्तर असते. हा क्रम मोडून आधी एखादा आकडा मनाशी धरला आणि त्यात बसेल तेवढेच भरले, तर सॅक हलकी होते खरी; पण पाऊस वाऱ्यासह झोडपून काढतो त्या रात्री काय राहून गेले ते उमगते, आणि एकट्या माणसाला ते शेजारच्या तंबूतून मागून आणता येत नाही.

तरीही आकड्यांची भाषा समजून घेणे आवश्यक आहे. अन्न, पाणी आणि इंधन हे रोज कमी-जास्त होणारे पदार्थ तसेच अंगावरचे कपडे वगळले की सॅकचे जे वजन उरते त्याला मूळ वजन म्हणतात. ते 9 किलोच्या आत असेल तर सामान हलके आणि साधारण 4.5 किलोच्या, म्हणजे 10 पौंडांच्या आत असेल तर अल्ट्रालाइट, असा संकेत रूढ आहे. ही सीमा केवळ सोयीची आहे. शिवाय दोघे-तिघे असताना तंबू, स्टोव्ह, भांडे, पाण्याचा फिल्टर आणि प्रथमोपचाराची पिशवी वाटून घेता येते. एकट्याला ते सगळे स्वतःच वाहावे लागते. त्यामुळे एकट्याचे मूळ वजन 5 किलोंवर थांबले तर त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

या प्रकाराच्या इतिहासात एमा गेटवुड या बाईंचे नाव आदराने घेतले जाते. 1955 साली, वयाच्या 67व्या वर्षी, त्यांनी अमेरिकेतली सुमारे 3,300 किलोमीटरची अ‍ॅपलेशियन ट्रेल ही पायवाट एकटीने पूर्ण केली. खांद्यावर स्वतः शिवलेली कापडी पिशवी, पायांत साधे कॅनव्हासचे बूट आणि पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा असा त्यांचा साधा सरंजाम होता. ही हकीकत स्फूर्तिदायक आहे, पण ती अर्धीच सांगितली जाते. त्या वाटेजवळ वस्त्या होत्या, आणि अनेक रात्री लोकांनी त्यांना घरात आसरा दिला. पिशवीचा हलकेपणा त्या वाटेने शक्य केला होता. तीच पिशवी निर्मनुष्य उंच पठारावर पुरली नसती.

वाट निवडणे

पहिल्या एकट्या प्रवासासाठी दोन किंवा तीन मुक्कामांची, रुळलेली आणि शक्यतो आधी सोबतीने चाललेली वाट निवडावी. ओळखीच्या वाटेवर मन वाट शोधण्यात गुंतत नाही, आणि एकटेपणाची सवय होण्यासाठी तेवढे मोकळे मन लागते. नवी वाट, नवे सामान आणि नवा एकटेपणा या तीन गोष्टी एकाच वेळी पत्करू नयेत.

नकाशा पसरून पहिले काम करायचे ते सुटकेच्या वाटा शोधण्याचे. प्रत्येक दिवसाच्या टप्प्यावर, विशेषतः मध्यावर, पाय मुरगळला किंवा हवा बिघडली तर कोणत्या बाजूला उतरून रस्ता किंवा वस्ती गाठता येईल, तिथवर अंतर किती आणि मध्ये ओढा किंवा कडा आडवा येतो का, हे लिहून ठेवावे. ज्या टप्प्यावर सुटकेची वाटच नाही, तो टप्पा पहिल्या दोन दिवसांच्या हवामान-अंदाजात बसेल असा आखावा, कारण अंदाज जितका पुढचा तितका त्याचा भरवसा कमी. चढाईची खिंड तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी येत असेल तर प्रवास उलट दिशेने करता येतो का, हेही पाहण्यासारखे असते.

नकाशा 1:25,000 या प्रमाणाचा मिळाला तर उत्तम. त्यावर 1 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर 250 मीटर. 1:50,000 च्या नकाशावर तेच अंतर 500 मीटर होते आणि लहान कडे, घळी समोच्च रेषांच्या मधल्या जागेत लपून जातात. समोच्च रेषा दाट असतील तिथे चढ उभा असतो हे बहुतेकांना ठाऊक असते; पण दोन रेषांमधली उंची 10 मीटर आहे की 20, हे नकाशाच्या कोपऱ्यात पाहिल्याशिवाय त्या दाटीचा अर्थ लागत नाही. फोनमध्ये नकाशा उतरवून घ्यावाच. मात्र कागदी नकाशा आणि होकायंत्र वजन वाचवण्यासाठी घरी ठेवू नयेत. दोन्ही मिळून शंभरेक ग्रॅम होतात, आणि थंडीत फोनची बॅटरी अचानक मान टाकते हे अनेकांनी अनुभवले आहे.

यानंतर वेळेचा हिशेब येतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये मांडलेला नियम अजूनही उपयोगी आहे: दर 5 किलोमीटरला एक तास, आणि त्यात दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास मिळवावा. समजा, एका दिवसात 14 किलोमीटर अंतर आणि 900 मीटर चढ आहे. अंतराचे 2 तास 48 मिनिटे आणि चढाचे दीड तास, असे एकूण सुमारे 4 तास 20 मिनिटे होतात. हा झाला न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा वेळ. घसाऱ्याची वाट, विश्रांती, पाणी भरणे, वाट तपासणे हे सारे धरून मी त्याला दीडपट करतो. म्हणजे साडेसहा तास. उभ्या उतारावर दर 300 मीटरला आणखी 10 मिनिटे धरण्याची पद्धत आहे, आणि गुडघे कुरकुरणाऱ्यांनी तर ती पाळावीच. एवढे करून मुक्कामाच्या जागी सूर्यास्तापूर्वी दोन तास पोहोचता येत नसेल, तर टप्पा लांब आहे असे समजून तो तोडावा. एकट्याने अंधारात तंबूची जागा शोधण्यासारखा वैताग दुसरा नाही.

वाट 3,000 मीटरच्या वर जात असेल तर आणखी एक मर्यादा येते. त्या उंचीवर झोपण्याची जागा आदल्या रात्रीपेक्षा सुमारे 500 मीटरहून अधिक वर नेऊ नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. दिवसा त्याहून वर जाऊन परत खाली झोपायला हरकत नाही. सॅक हलकी असली की पाय वेगाने चालतात आणि नेमकी इथेच हलक्या सॅकवाल्याची फसगत होते. शरीर विरळ हवेला ज्या गतीने सरावते ती गती सॅकच्या वजनावर अवलंबून नसते. डोकेदुखीबरोबर मळमळ, चक्कर किंवा असाधारण थकवा असेल तर वर जाणे थांबवावे. चालताना तोल जात असेल, सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून पावले टाकता येत नसतील, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर ती मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज आल्याची चिन्हे असू शकतात आणि तेव्हा ताबडतोब उतरणे हाच उपाय असतो. सोबती असता तर त्याने ही लक्षणे ओळखली असती. एकट्याने रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी स्वतःची ही तपासणी करावी आणि निष्कर्ष वहीत लिहावा, कारण आजारी मेंदू स्वतःला निरोगीच समजतो.

सर्वात थंड रात्रीचा अंदाज

सामानाची निवड सरासरी हवेवरून न करता संपूर्ण प्रवासातल्या सर्वात थंड रात्रीवरून करावी. अंदाज बहुधा जवळच्या खोऱ्यातल्या गावाचा मिळतो. तिथून मुक्कामाच्या उंचीपर्यंत दर 1,000 मीटरला सरासरी 6.5 अंश सेल्सिअस वजा करावे. 900 मीटर उंचीवरच्या गावात पहाटे 12 अंश अपेक्षित असतील आणि मुक्काम 2,900 मीटरवर असेल, तर 13 अंश वजा जाऊन उणे 1 अंश येतो. या गणिताला एक अपवाद आहे. निरभ्र, निवांत रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून ओघळते आणि खोलगट जागेत साचते, त्यामुळे तळ्याकाठची सपाट, सुंदर दिसणारी जागा वीस-तीस मीटर वरच्या सोंडेपेक्षा गार आणि दवाने ओली असते. म्हणून आलेल्या आकड्यातून आणखी पाच अंश कमी करून तयारी करावी.

स्लीपिंग बॅगच्या लेबलावर अनेक तापमाने लिहिलेली असतात. आयएसओ 23537 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्यांत ‘कम्फर्ट’, ‘लिमिट’ आणि ‘एक्स्ट्रीम’ असे आकडे असतात. आपल्या हिशेबाशी जुळवायचा तो कम्फर्टचा आकडा. एक्स्ट्रीम म्हणजे झोप न लागता जेमतेम तग धरण्याची पातळी, आणि जाहिरातीत कधी कधी तोच ठळक छापलेला असतो.

तीन जड वस्तू

सॅक, निवारा आणि झोपण्याचे साहित्य या तीन गोष्टींत बहुतेकांच्या मूळ वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग असतो. टूथब्रशचा दांडा कापून पाच ग्रॅम वाचवणारा माणूस दोन किलोची सॅक वापरत असेल तर त्याचा हिशेब चुकलेला आहे. खर्च करायचा असेल तर याच तीन वस्तूंवर, आणि त्यांत सॅक सर्वात शेवटी विकत घ्यावी, कारण आत काय जाणार हे ठरल्याशिवाय ती किती लिटरची हवी ते सांगता येत नाही.

झोपण्याच्या साहित्यात उबेसाठी डाउनला, म्हणजे पाणपक्ष्यांच्या मऊ पिसांना, वजनाच्या तुलनेत तोड नाही. लेबलावरचा 800 किंवा 900 हा आकडा एक औंस पीस किती घनइंच जागा व्यापते ते सांगतो. आकडा मोठा तितके कमी पिसांत काम भागते. डाउन ओले झाले की मात्र फुगत नाही आणि ऊब देत नाही. म्हणून सतत ओल असलेल्या प्रदेशात कृत्रिम तंतूंची बॅग जड असली तरी शहाणपणाची ठरते. स्लीपिंग बॅगेत अंगाखाली दबलेला भाग जवळपास निरुपयोगी असतो, या विचारातून पाठीकडचा भाग काढून टाकलेली क्विल्ट आली. ती दीड-दोनशे ग्रॅम वाचवते. पण कूस बदलताना कडेने वारा शिरतो, हे पहिल्या दोन रात्री सहन करावे लागते.

मॅटबाबत मी स्वतः एकदा चुकलो आहे. उन्हाळ्यात पुरलेली पातळ फोमची मॅट वजनाच्या मोहापायी थंडीतही नेली, आणि चांगल्या बॅगेत असूनही रात्रभर पाठीकडून गारठलो. जमीन अंगातली उष्णता हवेपेक्षा जलद ओढते. मॅटची रोधकता ‘आर’ या आकड्याने मोजतात: बंद कप्प्यांच्या फोमची मॅट साधारण 2 पर्यंत येते, गोठणबिंदूच्या आसपासच्या रात्रीसाठी 3 ते 4 हवा, बर्फावर 5 किंवा अधिक. दोन मॅट एकावर एक ठेवल्यास त्यांच्या आकड्यांची बेरीज होते. हवेची मॅट हलकी आणि ऊबदार असते, पण काट्याने फुटते. तिच्याबरोबर दुरुस्तीचे ठिगळ असावेच.

निवाऱ्यासाठी एकट्याला तीन पर्याय असतात. चालण्याच्या काठ्यांवर उभारायचा एका पडद्याचा तंबू बहुतेकांना योग्य, कारण काठ्या हातात असतातच आणि वेगळे खांब वाहावे लागत नाहीत. ताडपत्रीसारखा टार्प सर्वात हलका, पण त्याला उभारण्याचे कौशल्य आणि आडोशाची जागा लागते. आपला आपण उभा राहणारा, घुमटाकार तंबू थोडा जड असला तरी खडकाळ जागी, जिथे खुंट्या रुतत नाहीत तिथे, निर्धास्त झोप देतो. कापडांपैकी सिलिकॉन लावलेले नायलॉन भिजल्यावर सैल पडते आणि मध्यरात्री उठून दोऱ्या ताणाव्या लागतात. पॉलिएस्टर तुलनेने कमी सैलावते. डायनीमाचे कापड ताणतच नाही आणि फार हलके असते, पण त्याची किंमत ऐकून अनेकांना जड सॅकच बरी वाटू लागते. एका पडद्याच्या तंबूत आतल्या बाजूला दव धरते, त्यामुळे वारा खेळता राहील असे तोंड ठेवावे आणि पुसण्यासाठी एक फडके जवळ असू द्यावे.

सॅक एकट्याच्या तीन-पाच दिवसांसाठी 40 ते 50 लिटरची पुरते. एकूण भार 9 किलोच्या आत राहणार असेल तर चौकट नसलेली चालते. त्यापुढे भार कमरेवर घेण्यासाठी हलकी चौकट असलेली घ्यावी, नाहीतर वाचवलेल्या चारशे ग्रॅमची वसुली खांदे करतात. पावसासाठी बाहेरून घालायच्या आवरणापेक्षा आतून एक जाड, मोठी प्लॅस्टिकची पिशवी अधिक भरवशाची. आवरण वाऱ्याने उडते आणि पाठीकडून पाणी शिरतेच.

कपड्यांबद्दल एकच नियम लक्षात ठेवावा: चालण्याचा एक जोड, झोपण्याचा एक कोरडा जोड, आणि त्यावर थर. अंगालगत लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा सदरा, वर पातळ फ्लीस, थांबल्यावर घालायचे डाउनचे जाकीट आणि पावसाचे जाकीट. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि थंडीत अंग गार पाडतो. झोपण्याचा जोड कितीही मोह झाला तरी चालताना घालू नये. सकाळी ओले मोजे पुन्हा चढवणे नकोसे असते, पण कोरडे मोजे रात्रीसाठी राखलेले असतात. पायांत जड बुटांऐवजी डोंगरात पळण्याचे हलके बूट बहुतेक रुळलेल्या वाटांवर पुरतात आणि लवकर सुकतात. बर्फ, सुट्या धोंड्यांचे लांब उतार किंवा पूर्वी दुखावलेला घोटा असेल तर हा सल्ला लागू नाही.

तराजू आणि कागद

आता प्रत्येक वस्तू स्वयंपाकघरातल्या डिजिटल तराजूवर ठेवून ग्रॅममध्ये लिहावी. उत्पादकाने दिलेल्या वजनात खुंट्या, दोऱ्या, पिशव्या बऱ्याचदा धरलेल्या नसतात. नमुन्यादाखल पाच दिवसांच्या, गोठणबिंदूच्या आसपासच्या प्रवासाचा हिशेब असा बसतो: सॅक 750, निवारा खुंट्यांसह 700, क्विल्ट 650, मॅट 400, म्हणजे तीन जड वस्तूंचे मिळून 2,500 ग्रॅम. बरोबरचे जादा कपडे 780, भांडे-स्टोव्ह-चमचा 220, बाटल्या आणि फिल्टर 160, पॉवर बँक, हेडटॉर्च, वायर आणि संकटकाळचे उपकरण 410, प्रथमोपचार व दुरुस्ती 200, नकाशा, होकायंत्र, साबण आदी किरकोळ 130. बेरीज 4,400 ग्रॅम.

या यादीतील प्रत्येक वस्तूपुढे ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे ते लिहावे. ‘लागली तर’ एवढेच कारण सापडले तर ती बहुधा भीतीने आत आलेली असते, आणि ती भीती नियोजनाने दूर होते का ते पाहावे. पाण्याची जागा नकाशावर नक्की झाली की तिसरी बाटली गळते. थंडीचा आकडा काढला की दुसरे स्वेटर गळते. ज्या प्रश्नाला नियोजनाने उत्तर मिळत नाही, उदाहरणार्थ मोडलेला पाय, त्या प्रश्नाच्या वस्तू मात्र वजन न पाहता ठेवाव्यात. प्रथमोपचारात फोडांवरची चिकटपट्टी, लवचिक बँडेज, जखम झाकण्याचे साहित्य, वेदनाशामक, अ‍ॅलर्जीची गोळी, जलसंजीवनीची पाकिटे आणि स्वतःची नेहमीची औषधे एवढे असावे, आणि प्रत्येक गोष्ट एका हाताने वापरता येते का ते घरी करून पाहावे. दुसरा हात धरायला कोणी नसेल.

अन्न, पाणी, इंधन

मूळ वजनावर महिनोन्महिने खल करणारे लोक अन्नाच्या पिशवीत एक किलो सहज जादा भरतात. चरबीत एका ग्रॅमला 9 किलोकॅलरी असतात, पिष्ट आणि प्रथिनांत सुमारे 4, आणि पाण्यात काहीच नाही. दिवसाला 3,000 किलोकॅलरी धरल्या आणि ग्रॅममागे सरासरी 4.5 किलोकॅलरी मिळतील असे कोरडे, स्निग्ध पदार्थ निवडले, तर रोज सुमारे 670 ग्रॅम आणि पाच दिवसांना 3.3 किलो लागतात. तीच सरासरी 3.5 असेल तर पाच दिवसांचे वजन 4.3 किलो होते. सुकामेवा, शेंगदाण्यासारख्या बिया आणि त्यांचे लोणी, तेल हे इथले मित्र. डबाबंद ओले पदार्थ शत्रू. मात्र कागदावरच्या कॅलरी पोटात गेल्या तरच उपयोगाच्या. उंचीवर भूक मरते, म्हणून जे घरी आवडीने खातो तेच न्यावे. प्रत्येक दिवसाची वेगळी पिशवी करावी आणि एका दिवसाचे अन्न राखीव ठेवावे.

पाणी हा सॅकमधला सर्वात जड पदार्थ आहे: एक लिटर म्हणजे एक किलो. नकाशावरचे झरे-ओढे त्या ऋतूत वाहते असतात का हे अलीकडे तिथे गेलेल्यांकडून जाणून घ्यावे, आणि दोन पाणवठ्यांमधल्या सर्वात लांब अंतराला पुरेल एवढीच बाटल्यांची क्षमता ठेवावी. पोकळ तंतूंचा 0.1 मायक्रॉनचा फिल्टर जिवाणू आणि परजीवी अडवतो, विषाणू अडवत नाही. वर वस्ती किंवा गुरे असतील तर क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या किंवा उकळणे हवे. उकळी फुटल्यावर एक मिनिट, आणि 2,000 मीटरच्या वर तीन मिनिटे उकळू द्यावे. हा फिल्टर एकदा वापरल्यानंतर गोठला तर त्याचे तंतू आतून फाटतात आणि बाहेरून काहीही दिसत नाही, म्हणून थंड रात्री तो पिशवीत घालून अंथरुणात घ्यावा.

इंधनात छोट्या गॅसच्या डब्याचा हिशेब सोपा आहे. आडोसा असेल तर एक लिटर पाणी उकळायला सुमारे 15 ग्रॅम गॅस लागतो. सकाळी अर्धा आणि संध्याकाळी अर्धा लिटर धरला तर पाच दिवसांना 75 ग्रॅम, म्हणजे 100 ग्रॅमचा एक डबा पुरतो आणि वाऱ्यासाठी थोडा उरतो. साधा ब्यूटेन गोठणबिंदूच्या आसपास वायुरूप होईनासा होतो, त्यामुळे थंडीत आयसोब्यूटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण असलेला डबा घ्यावा. हे डबे विमानातून कोणत्याही सामानात नेता येत नाहीत. ते मुक्कामाजवळ कुठे मिळतील हे आधीच शोधून ठेवावे. बंद तंबूत स्टोव्ह पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

वरच्या 4.4 किलोंत 3.3 किलो अन्न, दीड लिटर पाणी आणि सुमारे 200 ग्रॅमचा भरलेला डबा मिळवला की पहिल्या सकाळची सॅक 9.4 किलोंची होते. राखीव अन्न धरून दहा किलो.

मागे ठेवायचा कागद

निघण्यापूर्वी एका विश्वासू, फोन उचलणाऱ्या व्यक्तीकडे लेखी योजना द्यावी. तीत रोजची वाट, मुक्कामाच्या जागा, सुटकेच्या वाटा, तंबूचा आणि जाकिटाचा रंग, आजार व औषधे, बचाव यंत्रणेचा क्रमांक आणि सर्वात महत्त्वाची अशी एक निश्चित वेळ असावी: ‘या दिवशी इतक्या वाजेपर्यंत माझा निरोप आला नाही तर या क्रमांकावर फोन करावा’. ‘दोन-तीन दिवस वाट पाहा’ असे मोघम सांगितले तर समोरच्याने निर्णय कधी घ्यायचा हे त्याच्यावर येते, आणि काळजी करणारा माणूस एक तर फार लवकर घाबरतो किंवा फार उशिरा.

मोबाइलची रेंज नसलेल्या भागासाठी दोन प्रकारची उपकरणे मिळतात. संकटदर्शक बीकन 406 मेगाहर्ट्‌झवर कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय उपग्रहव्यवस्थेला इशारा पाठवतो. त्याला मासिक शुल्क नसते, पण तो एकतर्फी असतो आणि आधी नोंदवावा लागतो. उपग्रह-संदेशकातून दोन्ही बाजूंनी मजकूर जातो, त्याला वर्गणी आणि चार्जिंग लागते. काही देशांत अशी उपकरणे परवानगीशिवाय बाळगणे गुन्हा आहे, त्यामुळे जिथे जायचे तिथला कायदा आधी तपासावा. उपकरण सॅकच्या तळाशी न ठेवता अंगावर असावे. ओढा ओलांडताना सॅक वाहून जाऊ शकते. शिटीही गळ्यात असावी. आल्प्समध्ये रूढ झालेला संकटसंकेत असा: एका मिनिटात समान अंतराने सहा वेळा शिटी किंवा प्रकाश, मग एक मिनिट शांतता, पुन्हा तेच. मिनिटात तीन वेळा उत्तर आले तर इशारा पोहोचला.

तालीम

संपूर्ण सामानासह एक रात्र घराजवळ, गच्चीवर किंवा अंगणात झोपून काढावी, शक्यतो पावसाळी हवेत. तंबू अंधारात, हातमोजे घालून उभारता आला पाहिजे. त्यानंतर भरलेल्या सॅकसह योजनेतल्या सर्वात कठीण दिवसाएवढा चढ एका दिवसात चढून-उतरून पाहावा; दुसऱ्या सकाळी पाय काय म्हणतात ते ऐकून टप्पे पुन्हा आखावेत. एकट्याच्या पहिल्या रात्री तंबूबाहेरचा प्रत्येक आवाज मोठा वाटतो. कानात घालायच्या कापसाच्या बोळ्यांचे वजन दोन ग्रॅमही नसते.

वाटेवरचे निर्णय

एकट्याने निर्णय वाटेवर घेण्याऐवजी ते घरी घेऊन वाटेवर फक्त पाळणे सोपे जाते. म्हणून प्रत्येक दिवसाच्या टप्प्यापुढे परत फिरण्याची वेळ लिहावी: ‘खिंड दुपारी 12 पर्यंत आली नाही तर मागे’. दुपारच्या गडगडाटी ढगांच्या ऋतूत ही वेळ आणखी अलीकडे आणावी. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत 30 सेकंदांहून कमी वेळ लागला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. धार, माथा आणि एकटे झाड सोडून खाली उतरावे.

हिमनदीतून येणारे ओढे पहाटे सर्वात उतरलेले आणि दुपारनंतर चढलेले असतात. पाणी गुडघ्याच्या वर आणि वेगवान असेल तर एकट्याने ओलांडू नये; वरच्या बाजूला पसरट पात्र शोधावे किंवा दुसऱ्या सकाळपर्यंत थांबावे. राखीव ठेवलेले एका दिवसाचे अन्न याच थांबण्यासाठी असते. ओलांडायचेच असेल तर सॅकचे कमरेचे आणि छातीचे बंद सोडावेत, प्रवाहाकडे तोंड करून काठ्या समोर रोवाव्यात आणि एका वेळी एकच आधार हलवावा.

अंगातली उष्णता उतरू लागली की आधी बोटांचे कौशल्य जाते, मग बोलणे अडखळते, मग निर्णयशक्ती जाते. बोलण्याला साक्षीदार नसल्यामुळे माझा नियम बोटांचा आहे: जाकिटाची चेन एका प्रयत्नात लागली नाही, तर पाऊस असो वा टप्पा अपुरा राहो, तिथेच तंबू लावायचा, कोरडा जोड चढवायचा आणि काहीतरी गरम व गोड पोटात घालायचे.

शौचासाठी पाणी आणि वाटेपासून किमान 60 मीटर दूर 15 ते 20 सेंटिमीटर खोल खड्डा करावा, आणि वापरलेला कागद पिशवीत घालून परत आणावा.

परतल्यावर

रेंज येताच पहिला निरोप योजना सांभाळणाऱ्या व्यक्तीला जावा, अंघोळ आणि जेवण नंतर. डाउनची बॅग किंवा क्विल्ट दाबून ठेवलेल्या पिशवीतून काढून सैल टांगावी, तंबू वाळवावा. मग सॅक जमिनीवर ओतून सामानाचे तीन ढीग करावेत: रोज वापरलेले, एकदा वापरलेले आणि अजिबात न वापरलेले. तिसऱ्या ढिगातल्या वस्तू पुढच्या यादीतून खोडाव्यात. फक्त बीकन, शिटी, बँडेज आणि उरलेले एका दिवसाचे अन्न त्या ढिगातून उचलून पुन्हा सॅकमध्ये ठेवावे.